केबल खांबावर आली, घरात का येत नाही? सांगली जिल्ह्यातल्या ब्रॉडबँड कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
सांगली जिल्ह्यात फायबर ब्रॉडबँड देणाऱ्या सर्व कंपन्यांचे विभागीय अधिकारी, त्यांचे फ्रँचायझी आणि गावोगावचे केबलचालक यांस,

स.न.वि.वि.

विश्रामबागेत, मिरजेत, कुपवाडला, तासगावात, आष्ट्यात खांबांवर केबल ओढून झाली, डबे बसले. पण एका फायबरचा प्रकाश अनेक घरांना वाटणाऱ्या स्प्लिटरची आठ तोंडं असली तर त्यातली तीन भरतात आणि पाच मोकळी राहतात. ती पाच घरं का येत नाहीत, यावर तुमची उत्तरं ठरलेली आहेत: लोकांना माहिती नाही, जाहिरात कमी पडते, दर पन्नास रुपयांनी उतरवा.

आम्ही खांबावर चढणारी, जोड मारणारी आणि तक्रार आली की प्रकाश मोजायचा पॉवर मीटर घेऊन पळणारी माणसं. आमचं म्हणणं वेगळं आहे. ही घरं अडाणी म्हणून थांबलेली नाहीत, शेजारचं बघून थांबली आहेत. शेजारच्या भिंतीचं काय झालं, लाइट गेल्यावर शेजारच्या आजींचा फोन कसा बंद पडला, ऊस सुरू झाल्यावर नेट किती दिवस गेलं, पहिलं बिल कितीचं आलं, हे सगळं त्यांना ठाऊक आहे. जाहिरातीनं ते पुसलं जात नाही.

भिंतीपासूनच सुरुवात करतो. घरातल्या बाईंचा पहिला प्रश्न स्पीडचा नसतो, ‘भोक कुठं पाडणार?’ हा असतो, आणि तो रास्त आहे. जोडणीला आलेला मुलगा आतून हॅमर ड्रिल लावून एका दमात भिंत पार करतो आणि बाहेरच्या बाजूनं गिलाव्याचा वीतभर पोपडा उडतो. भोक सपाट राहिलं किंवा आतल्या बाजूला उतरतं झालं, तर पावसाळ्यात केबलवरून ओघळणारं पाणी थेट हॉलमध्ये येतं. नव्या रंगावर ओलीचा डाग उठला की तो बघायला गल्ली येते.

हे टाळणं अवघड नाही. खांबावरून घरात येणारी चपटी ड्रॉप केबल तिला पेलणाऱ्या मेसेंजर तारेसकट साधारण २ बाय ५ मिलिमीटर असते, तार सोलून वेगळी केली की २ बाय ३. कनेक्टर लावलेली तयार कॉर्ड आत ओढायची म्हटलं तर मोठं भोक लागतं. नुसती केबल आत घेऊन कनेक्टर आतच लावला तर ६ ते ८ मिलिमीटरचं भोक पुरतं. बिट बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं धरायचं, शेवटचे दोन इंच हॅमर बंद करून हळू कापायचे, बाहेर केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यायचा म्हणजे पाणी तिथंच टपकतं, आणि दोन्ही तोंडं सिलिकॉननं बुजवायची. मेसेंजर तार बाहेरच्या क्लॅम्पवरच संपवायची. ती पोलादी आहे. खांबावर विजेच्या तारेला ती कुठं घासली, तर तिच्याबरोबर करंटही घरात येतो. तरी कित्येक घरांत ही तार टीव्हीच्या टेबलापर्यंत नेलेली दिसते.

बऱ्याच घरांत नवं भोक पाडायची गरजच नसते. जुन्या टेलिफोनचा पाइप भिंतीत असतो. त्यातली तांब्याची तार बाहेर ओढताना तिलाच फायबर आणि सोबत एक नायलॉनची दोरी बांधायची. दोरी अशासाठी, की मध्येच काही तुटलं तर पाइप वाया जाऊ नये. फक्त पाइपला काटकोनी एल्बो आहेत का ते आधी बघा. नेहमीची जी.६५२डी फायबर ३० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वळवली की प्रकाश गळायला लागतो. जास्त वाकणाऱ्या जातीच्या जी.६५७ए१ला १० मिलिमीटर चालतात, ए२ला साडेसात. घरातल्या कामाला ए२ केबल द्या, एवढी आमची मागणी खरेदी विभागापर्यंत पोचवा. भाड्याच्या घरात घरमालकाची परवानगी ही खरी अडचण असते. ‘घर सोडताना भोक बुजवून देऊ’ असं कंपनीच्या शिक्क्याचं एक पान जोडणीच्या मुलाकडं असलं, तर निम्मे घरमालक तिथंच तयार होतील.

हे सगळं नीट करायला दीड-दोन तास लागतात. तुम्ही पैसे देता जोडणीच्या नगावर, आणि दिवसाचं टार्गेट पाच-सहा जोडण्यांचं. मग पोपडे उडणारच. त्या मुलांना बोल लावू नका.

आता लँडलाइनचं. तांब्याच्या फोनला घरची वीज लागतच नव्हती. एक्स्चेंजच्या बॅटरीचे ४८ व्होल्ट त्याच दोन तारांतून यायचे, म्हणून वादळात अख्खी पेठ अंधारात असली तरी फोन वाजायचा. फायबर काचेची, तिच्यातून वीज येत नाही. घरातल्या ओएनटीला, म्हणजे फायबरच्या मोडेमला, १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो आणि लाइट गेली की नेटबरोबर फोनही जातो. ज्या घरात म्हातारी माणसं एकटी राहतात, तिथं ही गोष्ट जोडणीच्या आधी सांगायलाच हवी. ती सांगितली जात नाही, लाइट गेल्यावर कळते, आणि मग सगळ्या गल्लीला कळते.

यावर छोटा यूपीएस मिळतो, पण डब्यावरचा आकडा फसवा असतो. ‘१०,००० एमएएच’ लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं. म्हणजे ३७ वॅट-तास, त्यातले १२ व्होल्ट करताना काही वाया जाऊन हातात ३० उरतात. ओएनटी ८ ते १० वॅट खातो. हिशेब तीन-साडेतीन तासांचा निघतो, आणि तोही बॅटरी नवी असताना. ओएनटीच्या मूळ अडॅप्टरवर २ अँपिअर लिहिलं असेल आणि यूपीएस १ अँपिअरचा घेतला, तर मोडेम दर थोड्या वेळानं आपोआप बंद-चालू होत राहतो. गिऱ्हाईक म्हणतं मोडेम खराब. मोडेम बदलून दिला तरी तेच होतं, कारण दोष वायरीच्या दुसऱ्या टोकाला बसलेला असतो.

पण घरच्या यूपीएसचा उपयोग कधी? तुमचा ओएलटी, म्हणजे अख्ख्या गावाच्या फायबरला प्रकाश पुरवणारं तुमच्याकडचं यंत्र, चालू असेल तर. खेड्यात तो कुणाच्या तरी खोलीत, एका जुन्या इन्व्हर्टरवर असतो. आठ पोर्टचा ओएलटी, स्विच आणि राउटर धरून शंभर-दीडशे वॅट लागतात. १५० एएचच्या एका बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात. ती चार वर्षांची झाली की त्यातले किती हाताला लागतात, हे तुमच्या फ्रँचायझीला विचारा. गावची लाइट चार तास गेली की अख्ख्या गावाचं नेट बसतं आणि मोबाईलचा टॉवर मात्र चालू असतो. हे एकदा पाहिलेला माणूस फायबर घ्यायला पुढं येत नाही. प्रत्येक ओएलटीला निदान आठ तासांची बॅटरी हवी, आणि दर सहा महिन्यांनी खरा लोड देऊन तिची चाचणी व्हावी. नुसतं व्होल्टमीटर लावून काही कळत नाही.

मार्केट यार्डातल्या हळदीच्या आणि बेदाण्याच्या पेढ्यांची अडचण नंबराची आहे. ०२३३ लावून चालणारा तो नंबर बिलबुकावर, पाटीवर आणि बाहेरगावच्या व्यापाऱ्यांच्या डायरीत बसलेला आहे. त्याच कंपनीत तांब्यावरून फायबरवर जाताना नंबर तोच ठेवता येतो. दुसऱ्या कंपनीत जायचं तर लँडलाइनचा नंबर मोबाईलसारखा नेता येत नाही. हे स्पष्ट सांगा. ‘बघू, होऊन जाईल’ म्हणून जोडणी केली आणि नंबर गेला, तर त्या ओळीतल्या दहा पेढ्या तुमच्या हातून गेल्या.

आणखी एक बारकावा. ओएनटीच्या फोनच्या तोंडातून घरातल्या जुन्या वायरिंगला जोडणी देता येते, म्हणजे माडीवरचा दुसरा फोनही चालतो. पण आधी खांबावरून येणारी जुनी जोडतार घरच्या डबीत पूर्ण सोडवली पाहिजे. ती तशीच राहिली तर एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट उलट ओएनटीत शिरतात आणि फोनचं पोर्ट जळतं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि विसरलं जातं.

मळ्यातल्या घरांकडं वळू, कारण जिल्ह्याचा अर्धा प्रश्न तिथं आहे. पलूस, वाळवा, मिरज, तासगाव या तालुक्यांत बरीच माणसं गावठाणाऐवजी मळ्यात राहतात. तुमची केबल ग्रामपंचायतीपर्यंत किंवा चावडीच्या चौकापर्यंत येते. तिथून मळा एक-दीड किलोमीटर. एवढ्या अंतरानं फायबरचं काही बिघडत नाही, बिघडतं ते वाटण्यांनी. हिशेब मांडून दाखवतो. प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि घट डीबीमध्ये; उणे आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी. ओएलटीतून ३ डीबीएम प्रकाश निघाला. तीन किलोमीटर काचेत साधारण १ डीबी गेला. एकास आठचा एक स्प्लिटर साडेदहा डीबी खातो, पुढं वस्तीवर तसाच दुसरा, मिळून २१. कनेक्टर आणि जोड यांचे अडीच धरा. घरात उणे साडेएकवीस पोचतात. ओएनटीला उणे २७ पर्यंत दिसतं, म्हणजे साडेपाच डीबी हाताशी आहेत. छान चालतं.

मग पुढच्या वस्तीवरून दोन घरं मागणी करतात. नवी कोअर, म्हणजे वेगळी फायबर, ओढायचा खर्च नको म्हणून त्याच तारेत एकास दोनचा स्प्लिटर घुसवला जातो आणि आणखी साडेतीन डीबी जातात. आकडा उणे २५ वर येतो. त्या दिवशी सगळं चालतं, फोटो काढून ग्रुपवर टाकला जातो. मे महिन्याच्या उन्हात डब्यातला फास्ट कनेक्टर (जागेवर हातानं दाबून बसवलेला) तापतो, त्यातली जेल सुकते, एक-दीड डीबी आणखी घटतो. कुणी तरी डब्याचं झाकण लावताना केबल मुरगळली की एलओएसचा, म्हणजे प्रकाश येत नसल्याचा, लाल दिवा लागलाच. शेतकरी फोन करतो, माणूस येतो, कनेक्टर नवा लावतो, आकडा उणे २५ वर परत येतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा लाल दिवा. मूळ दुखणं त्या तिसऱ्या स्प्लिटरमध्ये आहे, तो कुणी काढत नाही.

आमचा आग्रह असा, की घरात उणे २४ पेक्षा कमी प्रकाश पोचत असेल तर जोडणी झाली असं मानूच नका. आकडा जोडणीच्या कागदावर लिहा आणि ग्राहकाला द्या. उघड्यावर फास्ट कनेक्टर बंद करा. तिथं पिगटेल (एका टोकाला तयार कनेक्टर असलेली छोटी फायबर) फ्यूजननं, म्हणजे काच वितळवून, जोडा, ०.१ डीबीच्या आत काम होतं आणि उन्हापावसाला टिकतं. हिरवा कनेक्टर निळ्यात घालू नका. त्यांची टोकं वेगळ्या कोनात घासलेली असतात, त्यामुळं मध्ये फट राहते आणि तीन-चार डीबी तिथंच सांडतात. आणि टोक पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा कागद द्या. शर्टाच्या टोकानं पुसलेले कनेक्टर आम्ही रोज बघतो.

घरात पोचलेल्या नेटचं काय होतं तेही सांगतो. शंभर एमबीपीएसचा प्लॅन घेतलेल्या माणसाला आतल्या खोलीत मोबाईलवर तीस दिसतात, आणि तोच मोबाईल फाइव्ह-जीवर त्याहून जास्त दाखवतो. मग तो म्हणतो, मोबाईलचंच बरं होतं. दोष बहुतेक वेळा वायफायचा असतो. केबल जिथं आत आली तिथंच, टीव्हीमागच्या कोपऱ्यात ओएनटी ठेवला जातो. गावभागातल्या जुन्या वाड्यांच्या दीड-दोन फुटी भिंती पाच गिगाहर्ट्झची लहर पार होऊ देत नाहीत. २.४ पार होते, पण त्या पट्ट्यात आजूबाजूचे सगळे राउटर गर्दी करून बसलेले. बाजारातला रिपीटर हा त्यावरचा उपाय नव्हे, तो आधीच अर्ध्यावर आलेला वेग आणखी अर्धा करतो. ओएनटीपासून मागच्या खोलीत कॅट-६ केबल टाकायची आणि तिच्या टोकाला वायफाय देणारा दुसरा डबा, अॅक्सेस पॉइंट, लावायचा. आठशे फुटांच्या फ्लॅटला हे लागत नाही, वाड्याला आणि दुमजली बंगल्याला लागतं. जोडणीच्या वेळी प्रत्येक खोलीत वेग मोजून दाखवा. जिथं कमी पडतो तिथं आधीच सांगा, पैसे लागतील हेही सांगा. लोक पैसे द्यायला नाही म्हणत नाहीत, फसवल्यासारखं वाटलं की म्हणतात.

फसवल्यासारखं वाटतं ते बिलानं. पाटीवर ४९९, बिलात १८ टक्के जीएसटी मिळवून ५८८ रुपये ८२ पैसे. ‘राउटर मोफत’, पण सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे आधी. जोडणी मोफत, पण अमुक मीटरच्या पुढं केबलचे वेगळे. यातलं काहीच बेकायदा नाही. सगळे आकडे एका कागदावर मराठीत लिहून दिले तर भांडणं होणार नाहीत. राउटर कुणाच्या मालकीचा, डिपॉझिट किती, ते परत कधी, हेही त्याच कागदावर यावं.

काही घरांना फायबर लागतच नाही, हेही मान्य करा. दोन माणसं, दोन मोबाईल, संध्याकाळी व्हॉट्सअॅप आणि थोडं यूट्यूब, एवढं असलेल्या घराच्या मागं लागण्यात अर्थ नाही. चार-पाच माणसांच्या घराचं गणित वेगळं आहे, पण तिथंही मोबाईलचं रिचार्ज सुटत नाही, ओटीपीसाठी ते लागतंच. म्हणून फायबरचा खर्च वरचा वाटतो. दूरसंचार नियामक ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये नियम दुरुस्त करून फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं मोबाईल कंपन्यांना बंधनकारक केलं. घरात वायफाय असेल तर आजी-आजोबांचा मोबाईल अशा पॅकवर ठेवता येतो. हा हिशेब तुमच्या विक्रीच्या मुलांनी मांडला पाहिजे. ते मात्र ओटीटीची यादीच वाचत बसतात.

रस्त्यावरचं आता थोडक्यात. गळीत हंगाम सुरू झाला की उसानं भरलेल्या जोडट्रॉल्या खाली लोंबणारी प्रत्येक केबल घेऊन जातात. रस्ता ओलांडणारी केबल सर्वांत खालच्या बिंदूला १८ फुटांच्या वर पाहिजे. उन्हात झोळ वाढतो, तो धरून. तुटलेली केबल त्या दिवशी कशीबशी जोडून चिकटपट्टी गुंडाळली जाते आणि पट्टीतून पाणी शिरल्यावर दोन महिन्यांनी दुसरी तक्रार येते. तुटलेल्या जागी क्लोजर, म्हणजे जोड झाकणारा पाणीबंद डबा, हवाच. जमिनीखालच्या केबलला जेसीबीचा धोका. खोदण्याआधी कळवायचं ‘कॉल बिफोर यू डिग’ हे सरकारी ॲप मार्च २०२३ पासून आहे. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या ठेकेदारांना ते वापरायला लावा, आणि तुमच्या केबलचा मार्ग त्यात भरलेला आहे का तेही बघा.

पुराचं मात्र उलट आहे. तिथं फायबरची बाजू भक्कम आहे आणि तुम्ही ती कधी मांडतच नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट. तांब्याचे जोड पाण्यात राहिले की हिरवे पडतात आणि पाणी ओसरल्यावरही महिनोन्‌महिने खरखर जात नाही. काचेला पाण्यानं काही होत नाही. मरतात ती विजेवर चालणारी यंत्रं आणि नीट न मिटलेली क्लोजर. म्हणून पूररेषेतल्या भागात ओएलटी तळमजल्यावर ठेवू नका, स्प्लिटरचे डबे खांबावर उंच घ्या, क्लोजरचं रबर दर पावसाळ्याआधी तपासा, घरातला ओएनटी टेबलाऐवजी भिंतीवर पाच-सहा फुटांवर लावा. पूर ओसरल्यावर वीज आली की नेट आलं, असं एका गल्लीत घडलं, तर पुढच्या गल्लीत जाहिरातीची गरज पडणार नाही.

आमच्या मागण्या पत्रात जागोजागी आल्या आहेत. त्यातल्या तीन तातडीच्या: जोडणीच्या नगावर पैसे देण्याऐवजी तीस दिवस बिनतक्रार चाललेल्या जोडणीवर द्या, प्रकाशाचा आकडा ग्राहकाच्या हातात लेखी द्या, आणि रस्ते ओलांडणाऱ्या केबल दसऱ्याच्या आत मोजून वर घ्या. शेवटच्या कामाला शिडी, दोन माणसं आणि क्लॅम्प लागतात. वाहतूक थांबवायची परवानगी तेवढी तुम्ही आधी काढून ठेवा, ती नसली की आम्हाला रात्री काम करावं लागतं, आणि अंधारात १८ फूट मोजता येत नाहीत.

आपले,
सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासच्या तालुक्यांत फायबर जोडणारे व दुरुस्त करणारे काही तंत्रज्ञ